उजवा काठ

सॅन्डस्की, ओहायो. ईरी सरोवर गोठून पार पांढरं,
रस्त्यावर मीठ, आणि थिएटरच्या पाटीवरचं
एक अक्षर कायमचं निखळलेलं.
दर फेब्रुवारीत एका शनिवारी
आम्ही तोच काळा-पांढरा विनोदी सिनेमा लावायचो :
एक हॉटेल, एक बहिरा काका,
लिफ्टमध्ये अडकलेली बकरी,
आणि एकाच पलंगाखाली दडलेली तीन माणसं.

सिनेमा बरा होता. बकरी उत्तम होती.
पण गर्दी जमायची ती अकरा सेकंदांसाठी.
त्रेचाळिसाव्या मिनिटाला टोप्या सांभाळणारी एक पोरगी
खिडकीतून वाकते, म्हणते,
"साहेब, ही टोपी तुमची नाही. डोकं तरी तुमचंच ना?"
बस्स.
पुढे ती जी झाली ती झाली.
नाव घेत नाही; तुम्हीही कुजबुजाल,
जसे ते कुजबुजायचे, पॉपकॉर्न चघळायचं थांबवून :
"ती बघ. तीच. किती कोवळी!"

मी वर, प्रोजेक्टरच्या कोंदट खोलीत.
दिवसा कॉलेज, रात्री रिळं.
तिथे मला डेव्ह म्हणत.
देवदत्त म्हटलं की तेवढंच मावायचं त्यांच्या तोंडात.

इर्मा होल्ट्झ दर वर्षी तिसऱ्या रांगेत, उजव्या टोकाला.
खोक्यांच्या कारखान्यात तीस वर्षं घालवलेली,
गुडघे कुरकुरणारे.
एकदा खेळ सुटल्यावर जिना चढून वर आली,
धाप ओसरेपर्यंत दाराला धरून उभी राहिली,
मग म्हणाली, "तिच्या शेजारी मी होते."
"कुठे?"
"टोप्या मीच देत होते तिच्या हातात.
दिवसभर उभी. सात डॉलर.
पडद्यावर माझं एवढंच आलं—"
आणि उजवं कोपर पुढे केलं,
बाजारात वांगं पारखावं तसं उलटसुलट करून.
"पण तुझ्या पडद्यावर तेही येत नाही, पोरा."

ती गेल्यावर मी रीळ दिव्यासमोर धरलं.
खरंच होतं.
ओळीनं प्रत्येक चित्राच्या उजव्या काठाला
एक गोरा त्रिकोण, मोहरीएवढा,
आमची पत्र्याची चौकट रोज गिळत असलेला.

कानस घेतली.
चौकट मालकाची, नोकरी माझी,
व्हिसा तर सरकारचाच.
तरी घासली. केसभर.
फुंकर मारली, आणखी केसभर.

पुढचा फेब्रुवारी. त्रेचाळिसावं मिनिट.
सगळी मुंडकी तिच्याकडे,
एक तेवढं काठाकडे.
आलं कोपर. अकरा सेकंद. हललंसुद्धा.
इर्मानं मागे वळून पाहिलं नाही.
खुर्चीच्या हातावर आपलं कोपर ठेवलं,
एवढंच वरून दिसलं.

पण फट ठेवली की नुसती वाराच येत नाही आत.
एकसष्टाव्या मिनिटाला काका मृत्युपत्र वाचून रडतो;
तिथे आजवर कुणी हसलं नव्हतं.
उजव्या काठाशी टोपीवाला एक माणूस,
दिव्यांच्या वायरींपाशी टेकून,
सावकाश सँडविच खातोय.
आपण सिनेमात आहोत
हे त्याच्या गावीही नाही.

थिएटर फुटलं.
हसण्याच्या त्या लोंढ्यात तिसऱ्या रांगेतून
खणखणीत आवाज :
"रॉय! मेल्या, माझे दोन डॉलर!"

मालक वर आला. मी म्हणालो, धूळ असेल.
तो बराच वेळ माझ्या बोटांवरचा
पत्र्याचा जुना ओरखडा बघत राहिला,
आणि म्हणाला, "असू दे ती धूळ."

आता तो सिनेमा घरी टीव्हीवर लागतो.
धुऊनपुसून लख्ख, तिच्या पापण्या मोजाव्यात इतका.
काठ साफ कापलेला.
मी सोफ्याच्या उजव्या टोकाला बसतो, जरा वाकून.
बायको म्हणते, मान अवघडेल तुमची.