हुक

रावपुऱ्यात, चष्म्याच्या दुकानावर माझा इंग्रजीचा क्लास.
सातची बॅच, अकरा जण,
फळ्यावर मी लिहिलेलं: हँग अप.
हँग म्हणजे टांगणे. अप म्हणजे वर.
मग वर टांगून फोन बंद कसा होतो, सर?
केतुलनं विचारलं. मी म्हटलं, पाठ करा.
ही क्रियापदं पाठच करायची असतात.

पागेदार काही बोलले नाहीत.
टेलिफोन खात्यातले जुने लाइनमन, वय एकाहत्तर,
या वयात इंग्रजी कशाला, ते सांगत नाहीत.
दुसऱ्या दिवशी पिशवीतून त्यांनी काढला
एक पितळी हुक, चिंचेनं घासलेला,
भिंतीवरच्या फोनचा, भंगारातून वाचवलेला.
बोलणं झालं की रिसीव्हर इथं अडकवायचा.
भारानं हुक खाली जातो, आत दोन पट्ट्या सुटतात,
लाइन मरते.
शब्दात वर, सर, कामात खाली.

केतुल म्हणाला, आम्ही तर फोन मूकीए.
बडोद्यात जन्म गेला, तरी माझ्या मराठी कानाला
ते अजून ऐकू येतं: फोन मुका करतो.
आणि आपण ठेवतो.
दूध झाकून ठेवावं तसा.
तेही आधी विचारून: ठेवू?

पागेदारांचं ऐकणं संपलं नव्हतं.
कारेलीबागेतला एक नंबर, म्हणाले, रात्रभर एंगेज.
तेव्हा लोकल कॉलला मिनिटं मोजत नव्हते.
तक्रार आली, मी सायकल काढली.
दार उघडलं एका बाईनं. आत पलंगावर, उशीवर,
रुमालात गुंडाळलेला रिसीव्हर.
सलाटवाड्यात बहीण आहे हो, एकटी. दम्याची.
दोघी अशाच झोपतो.
मी कानाला लावला. पलीकडे घरघर,
मग खोकला, मग कूस बदलल्याचा आवाज.
नियमानं तो मी अडकवायला हवा होता.

मग?
रिपोर्टात लिहिलं, सांधा तपासला, दोष नाही.
इंग्रजीतच लिहिलं. तेवढं येत होतं.

क्लास सुटला तरी फळ्यावर अर्थ तसाच:
संभाषण संपवणे.
हुक ते विसरून गेले की ठेवून गेले,
मी विचारलं नाही. दाराशी ठोकलाय.
पावसाळ्यात छत्र्या, एरवी केतुलचं हेल्मेट.
भार पडला की अजून किंचित खाली जातो,
कट् वाजतो,
आणि बॅचमधलं कुणीतरी
वाक्याच्या मध्येच थांबतं.