व्हॅन कोणाची

जिलाँगच्या पबमध्ये पहिल्या रात्री
अकरा माणसं, त्यातला एक नरेलचा बाप.
गालिच्याला बिअरचा वास,
लीथचा ड्रम एका बाजूने टेपने चिकटवलेला.

मग एक गाणं लागलं.
सर्फबोर्डांच्या दुकानांत, टॅक्स्यांत,
दाताच्या दवाखान्यातसुद्धा.
ह्यूम हायवेवर कांगारूने पाडलेला पोचा
आम्ही मुद्दाम काढला नाही;
पोरी त्याला टेकून फोटो काढायच्या.

पैशावरून फुटले, असं सगळे सांगतात.
नाही.
दुसऱ्या कडव्यातली एक ओळ कोणाची,
एवढंच.
पर्थच्या विमानात चौघं चार रांगांत बसले,
आणि नरेलने माझ्याकडे चुइंगम मागितलं.

व्हॅन माझ्या अंगणात आहे. मी फक्त ड्रायव्हर.
न्यायला कुणी येत नाही.
काल सीटखाली लीथची अर्धी काठी सापडली,
टोकाला दातांचे वण.