गोळाबेरीज

काउंटीत गुरं चाळीस हजार, माणसं सोळाशे बारा,
हे कुचेराने सांगितलं, फाटकावर कोपर टेकून,
मी काही विचारायच्या आधीच.
गळ्यात ओळखपत्र, हातात सरकारी फोन,
नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत
मी वंश विचारत हिंडत होते.
एका दारापासून पुढचं दार नऊ मैल.

वंश.
आमच्या घरी हा शब्द दिव्याला चिकटूनच यायचा,
आणि तिसरीही मुलगीच झाली, म्हणजे मी,
तेव्हापासून कुणी काढला नाही.
जातीचा रकाना मात्र पाठ होता.
शाळेचा अर्ज भरताना अण्णांचं पेन
तिथवर यायचं आणि थांबायचं.
शाई उतरत नसल्यासारखं ते पेन झटकायचे.
फरशीवर निळे ठिपके.

कुचेरा म्हणाला, गोरा लिही,
पण बोहेमियन गोरा. पलीकडचे श्मिट वेगळे.
शंभर वर्षांत दोन लग्नं जमली आमच्यात,
त्यातलं एक टिकलं.
मी हसले. आमच्याकडेही असंच, म्हटलं.
तुमच्याकडे म्हणजे कुठे? त्याने विचारलं,
आणि उत्तर ऐकायच्या आत
कुत्र्याला हाक मारली.

फीडलॉटमागे, ट्रेलरच्या पायरीवर पास्कुअल त्सोक.
हिस्पॅनिक का, विचारलं तर त्याने बायकोकडे पाहिलं.
ती आतून काहीतरी बोलली, ते स्पॅनिश नव्हतं.
तो म्हणाला, लोक म्हणतात तर असू.
पण स्पॅनिश मी शिकलो ते उसात गेल्यावर.
फोनला ‘उसात’ कळत नाही.
मला कळतं. मी काय टिपलं ते सांगत नाही.

आणि किराणा दुकानातली व्हर्ना, पोंका,
जिच्या पणजीला ज्या कप्तानाने हाकललं
त्याचंच नाव काउंटीला.
दर पत्रावर लिहावं लागतं, म्हणाली. पिनकोड वेगळाच.

ऑडेल ग्रेव्हली, वय ब्याऐंशी,
हिच्या दारात मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले.
तिच्या पणज्याने गवताची ढेकळं रचून घर बांधलं होतं,
तेव्हा या ओढ्याकाठी काळ्यांची तीस घरं होती.
आता एक. त्यात ती आणि भाऊ लीमन.
एक एप्रिलला घरात कोण होतं?
प्रश्न तसाच वाचायचा असतो, शब्द न बदलता.
ती म्हणाली, मी.
लीमन तीस मार्चला गेला.
दोन दिवस कळ काढली असती
तर धरला असता ना तू त्याला?

असता, म्हणाले.
नियम आहे.

दोन वर्षांनी तक्ते आले.
एकेकटं माणूस ओळखू येऊ नये
म्हणून सरकार आकडे जरासे ढवळतं,
ताकात रवी फिरवावी तसं.
इथे कुणाला कोण ओळखू येत नाही, कोण जाणे.
पोस्टात माझं पत्र चुकून कुणाच्या पेटीत पडत नाही,
आडनाव वाचताही येत नसलं तरी.

मी कागद घेऊन ऑडेलकडे गेले.
कृष्णवर्णीय : तीन.
ती चष्मा पुसत राहिली.
मग म्हणाली, बघ, आला परत.
मला वाटलंच होतं, रात्री जिन्याचा आवाज येतो.
मग बोट खाली सरकवत,
आणि तुझी ओळ कुठली?
ही. भारतीय : शून्य.
स्वतःचा अर्ज मी स्वतःच भरला होता,
पेन नव्हतं झटकायला, तरी थांबले होते.

ऑडेल बराच वेळ हसली, खोकला येईपर्यंत.
मी, लीमन, आणि हा तिसरा कोण
याचा मी सकाळपासून विचार केला असता, म्हणाली.
बस.

कपाटातून तिने तिसरा कप काढला.
त्याला कान नव्हता.