नाक की चाक

दारव्हा रोडला बोरगाव फाट्यावर
वसीमच्या पंक्चर दुकानात हा वाद राहतो.
तुरीच्या खळ्यापासून हनुमान जयंतीपर्यंत
ट्यूब बुडवली की कुठून तरी बुडबुडा निघतोच.

सुरुवात बंदीच्या वर्षांतली.
पट नव्हते. छकडे गोठ्यात उलटे टांगलेले,
माझं स्टॉपवॉच शाळेच्या कपाटात, लेझमांच्या पेटीखाली.
तेव्हा वसीमच्या पुतण्यानं,
चाकणची नोकरी सुटून आलेल्या शफीनं,
मोबाइलवर परदेशातल्या गाड्या लावल्या.

एक जात झाकल्या चाकांची. चाळीस गाड्या एका गोलात,
बाजारातल्या म्हशींसारख्या
अंगाला अंग घासत, ढकलत.
दुसरी उघड्या चाकांची, हडकुळी, जमिनीला चिकटलेली.
तिथं चाकाला चाक लागलं की खेळ खलास.

गुणवंत ढोक म्हणाला, "झाकली ते साताऱ्याकडची शर्यत.
सात जोड्या संगं सोडा, पुढं तो पुढं.
खरी मर्दानी तेच."
दौलत आत्राम विडी विझवून म्हणाला,
"अन् उघडी म्हणजे आपला शंकरपट.
दुसऱ्याले हात नाई लावाचा.
दाणीवर एकली जोडी, अन् तिकडून गुरुजीचा अंगठा."

गुरुजी म्हणजे मी.

शफी म्हणाला, "चाचा, त्या उघड्या गाड्यांचाही
शनिवारी एकेकीचा टाइम घेतात,
रविवारी सगळ्या सोडतात."
दुकान गप्प. मग दौलत,
"म्हणजे शनिवारी आपण, रविवारी ते."
चार वर्षं ह्या एका वाक्यावर चहा झाला.

बंदी उठली.
कोरेगावचा जालिंदर फडतरे पिकअपमधून
माणिक आणि चिमण्याला घेऊन आला, सोळा तासांचा रस्ता.
जन्मभर सहा जोड्यांच्या मधून पळालेले बैल.
झेंडी पडली. अर्धी दाण
डोळा लवू न देता.
मग माणिकनं मान डावीकडं वळवली.
मग उजवीकडं.
कोणीच नव्हतं.
लग्नाच्या पंगतीत एकट्यालाच वाढून बसवावं
तसा तो पळता पळता ओशाळला.
आठ सेकंद नव्वद.
कुणी शीळ घातली नाही.

पुढच्या माघात दौलत पिस्टन आणि भुऱ्याला घेऊन तिकडं गेला.
परत आल्यावर तीन दिवस दुकानावर फिरकला नाही.
चौथ्या दिवशी म्हणाला,
"आपल्या बैलाले दुसऱ्याची धूळ माईतच नाई, गुरुजी.
नाकात गेली तं उभेच रायले."

वाटलं होतं, आता तरी निकाल लागेल.
पण त्या दिवसापासून दौलत म्हणतो, संगं पळवल्याबिगर
जोडी कळतच नाई.
आणि गुणवंत म्हणतो, छे बे, एकली पळते तेच खरी.
दोघांनी बाजू बदलली,
हे दोघांच्याही ध्यानात आलेलं नाही,
आणि मीही सांगत नाही.

आता दाणीच्या टोकाला सेन्सर लावतात.
लाल उजेडाची एक दोरी.
तिला थंडी वाजत नाही, ती कुणाच्या गावची नाही.
माझा अंगठा घरी बसला.
कधी जेवताना ताटाच्या काठावर आपोआप दाबला जातो.

परवा रात्री जालिंदरचा फोन.
पडीक रानात त्यानं चुन्याची एकच दाण आखलीय,
शेजार नाही, प्रेक्षक नाही,
रोज पहाटे दोघांना एकटं पळवतो.
म्हणाला, "आता लाजत नाहीत, गुरुजी.
पण एक सांगा,
अंगठा दाबायचा कधी?
नाक ओलांडल्यावर की चाक?"

एकतीस वर्षं मी वेळ धरली,
हे कुणी विचारलं नव्हतं.
"नाक," म्हणालो.
फोन ठेवला, आणि झोप गेली.
बैल पळतो, की गाडी?

सकाळी फाट्यावर उतरून
नुसता प्रश्न टाकला.
गुणवंतनं चप्पल काढून मांडी घातली.
दौलतनं विडी पेटवली.
वसीम काही बोलला नाही,
टाकीतलं जुनं पाणी ओतून
नवं भरायला घेतलं.