बाचीचं बिल

दर गुरुवारी शेवंता वन्सं शिनोळीहून चालत येतात,
डोक्यावर डबा: भिजलेले तांदूळ, उडीद, चिमूटभर मेथी.
वाटेत हद्दीचा दगड.
अलीकडं त्यांचं माहेर, पलीकडं सासर.

ग्राइंडर त्यांच्याकडंही आहे, लग्नातला.
खरं त्यावर आता लोणच्याच्या बरण्या असतात.
"आमच्यात बटण दाबलं की छातीत धडधडतंय," म्हणतात,
"तुमचं बरं हाय बाई, सरकार भरतंय."

महिन्याला ईराप्पा येतो मीटर बघायला.
त्याच्या मशीनमधून चिठ्ठी टर्रर्र बाहेर.
सगळी कानडी.
मामंजी ती उन्हात धरतात.
मोर्चात डोकं फुटलेलं त्यांचं, सात टाके,
"आमी तिकडंच जाणार" म्हणत पाऊणशे गाठली,
कानडी अक्षर ओळखायचं नाही हा नेम
अजून मोडलेला नाही.
तळाचं गोल तेवढं बोटानं चाचपतात:
"हे एवढं येतंय वाचायला."
मग चिठ्ठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
गोलावर गोल.

एकदा मी विचारलं, मामा, उद्या गाव तिकडं गेलं तर?
ते बराच वेळ पंख्याकडं बघत राहिले.
पंखा तीनवर होता.
उठून एकवर केला.

वैशाखात वन्संच्या थोरलीची सुपारी फुटली.
चार दिवस ग्राइंडर, मिक्सर, ओलं खोबरं, चटण्या,
रात्री बारापर्यंत आमच्या सोप्यात दगडाची घरघर.
ईराप्पानं चिठ्ठी फाडली, दिली नाही लगेच.
"मिति दाटितु, अक्का."
दाटणं म्हणजे ओलांडणं, एवढं कानडी मला कळतं.
मामंजी हात पुढं करून बसलेले.
मी त्यांच्या हातात मागच्या महिन्याची ठेवली.
त्यांनी गोल चाचपलं.
"बरोबर," म्हणाले.

वन्संना मी अक्षर बोलले नाही.
खरं ईराप्पा चहाला शिनोळीच्या टपरीवर जातो.

पुढच्या गुरुवारी धुवायला दगड उचलला
तर खाली पन्नासची नोट, चिंब.
पुसली, वाळवली,
त्यांच्या डब्याच्या झाकणाखाली दडवून परत पाठवली.
तेव्हापासून ती येते आणि जाते.
त्या काही म्हणत नाहीत, मीही नाही.
नोटेला आंबूस वास धरलाय,
या गुरुवारी आली तेव्हा
एका कोपऱ्याला मेथीचा दाणा चिकटलेला होता.