नाकावरचं वजन

खाणीच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं बसले मी.
रिकामा ट्रक, भरलेला ट्रक, वजाबाकी, शिक्का.
ड्रायव्हर सांगेल ते ऐकून घ्यायचं,
काटा सांगेल ते लिहायचं.

म्हणून हेक्समचा तो माणूस
बॉनेटवर थाप मारून म्हणाला, 'बाई, ही काहीही ओढेल,'
तेव्हा मी आधी मागे जाऊन वाकले.
'हुकाला कधी काही लावलंच नाही.'
हुकाचा गोळा जुन्या चमच्यासारखा झिजलेला.
हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर, क्लच सोडला.
इंजिन बंद पडायला हवं होतं.
ते गुरगुरत राहिलं, जळका वास आला.
खोटं बोलताना तुझे कान तापायचे, ऑल्ड्रेड, तसं.
पिशवी उचलली, बस पकडली.

दुसरी गाडी रॉथबरीला,
कथबर्ट रॉवेलच्या मेंढ्यांच्या शेडमध्ये.
डिझेल, इस्टेट, अकरा वर्षांची, ओल्या पाटीचा रंग,
सीटवर लोकर, दाराला एक पोचा.
हूकच नाही.
'मी कधी काही ओढलं नाही,' कथबर्ट म्हणाला,
'आयुष्यभर भावाला ओढलं तेवढं पुरे.'
कागदावर तिचं वजन सोळाशे पंधरा.
आपली कॅरव्हॅन, भरून, तेराशे चाळीस.
शंभराला त्र्याऐंशी. पंच्याऐंशीच्या आत.
ओढणारं जड हवं, मागचं हलकं, एवढाच नियम.
आपल्या दोघांत पुढे कोण होतं
याची पावती मी फाडलेली नाही.

हूक मॉर्पेथच्या टॅम्सिनने बसवला.
गाडीखालून तिचे फक्त बूट दिसत होते
आणि आवाज येत होता:
डावा, उजवा, ब्रेक, धुक्याचा दिवा, फ्रीजची तार,
तेरा पिना, तेराही जिवंत.
लांब दांड्यांचे आरसे मात्र मीच लावले.
डावा आरसा लावताना आत बसून कुणीतरी
'अजून, अजून, बस्स' म्हणायचं असतं.
मी सात वेळा उतरले.

मग नाकाचं वजन.
बाथरूमचा काटा, त्यावर झाडूच्या दांड्याचा तुकडा,
त्यावर कॅरव्हॅनचं नाक.
चौऱ्याण्णव. हुकाला सोसवतं पंच्याहत्तर.
नाकापेक्षा मोती जड.
पुढची पेटी उघडली. गॅसची टाकी, पाण्याचा पाइप,
आणि टाकीमागे बिस्किटांचे चार डबे, ज्यांची नोंद
माझ्या कुठल्याच यादीत नव्हती.

दगड.
प्रत्येकावर तुझ्या अक्षरात किनारा आणि साल.
क्रास्टर. सीहाउसेस. बँबर्ग, दोनदा.
एकावर गावाचं नाव नाही. नुसतं, 'थर्झा रागावली.'
सव्वीस किलो.
एवढी वर्षं चढावर गाडी मान टाकायची
आणि तू म्हणायचास, वारा आहे.

फेकणार होते. पहिला डबा भिंतीपर्यंत नेलाही.
मग परत आणला आणि चारही डबे
पलंगाखाली, बरोबर आसावर ठेवले.
वजन तेवढंच. आता ते चाकं वाहतील.
काट्यावर चौऱ्याहत्तर.

निघायच्या सकाळी शेवटी ती बारीक तार अडकवली.
हूक निसटलाच तर ही तार
आधी कॅरव्हॅनचा ब्रेक ओढते, मग तुटते.
चार पौंडांना मिळते.
तुझ्या वेळी अशी काही नव्हती.
किंवा असेल, आणि मी स्वयंपाकघरात रेडिओ लावला होता.

रागावलेला दगड पुढच्या खणात, माझ्याजवळ.
चारशे चाळीस ग्रॅम. वहीत लिहिलं.

ॲनिकच्या वळणावर इंडिकेटर दिला.
गाडीची टिकटिक सुरू झाली
आणि डॅशबोर्डखालून दुसरी एक, बारीक, अर्धा क्षण उशिरा.
टॅम्सिनने सांगितलं होतं:
घाबरू नका, ती मागच्याची.