कारण : इतर

हुपरीत सकाळी सातलाच
गल्लोगल्ली गॅसच्या बत्त्या पेटतात.
निळी जीभ बाहेर काढून
घरंच्या घरं चांदी चाटत बसतात.
मी नवीन होते तेव्हा विचारलं होतं,
एवढा आवाज करणारा दागिना
इतक्या गप्प घरांत कसा काय घडतो?
कुणी उत्तर दिलं नाही. हात गुंतलेले होते.

पाचवी ब. पट एकतीस.
सतरा नंबरला त्रिशला मगदूम.
नाव घेतलं की मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतं,
"बाई, ती मालाला बसलीया!"

मंगळवारी शाळाबाह्य मुलांचा तक्ता घेऊन गेले.
तिच्या आईनं पाट दिला, चहाचं आधण ठेवलं.
"कामाला न्हाई हो बाई, कामाला कुठं घालू तिला?
घरातच हाय की. माझ्यासंगं बसती, एवढंच."

एवढंच म्हणजे :
जोंधळ्याएवढ्या वाटीत खडा टाकायचा,
वर दुसरी वाटी बसवायची,
पुढं सरकवायचं.
डाग आई मारते.
मोठ्यांची बोटं जिथं घसरतात
तिथं हिची नेमकी बसतात.
"आणि खडा राहिला तर?"
मान वर न करता म्हणाली,
"मुकं हुतंय, बाई. परत येतंय."

तक्त्यात रकाने होते.
स्थलांतर. आजारपण. भावंडं सांभाळणे.
बालकामगार, हाही होता,
पण त्यापुढं मालकाचं नाव, पत्ता लिहायचा.
मालक कोण?
घर आजोबांचं, चिमटा आईचा,
चांदी कोल्हापुरातल्या गुजरीच्या शेटची,
आणि तयार जोड कुणाच्या पायात?
पेन तिथं अडलं.
गेल्या वर्षी भाचीच्या बारशासाठी
गुजरीत तासभर घासाघीस करून मीच म्हटलं होतं,
"याहून बारीक घुंगरू नाही का हो?"
"आहे की ताई," दुकानदार म्हणाला होता,
"बारीक कामाला हात मिळत नाहीत, म्हणून महाग."

मी लिहिलं : इतर.

त्या पावसाळ्यात प्रभातफेरी काढली होती आम्ही,
तिच्याच दारावरून.
ती खिडकीत होती. ओठ हलत होते.
घोषणा पाठ होत्या तिला.

पुढच्या खेपेला तक्ता नेलाच नाही, वही नेली.
"एका ग्रोसला किती गं?"
"एकशे चव्वेचाळीस."
"दिवसाला किती ग्रोस?"
"सहा. दिवाळीत आठ."
मी आकडे मांडायच्या आत ती म्हणाली,
"आठशे चौसष्ट."
आईच्या हातातली बत्ती बाजूला झाली.
ती हिशेब किलोत ठेवायची.
पोरीची बोटं दिवसातून आठशे चौसष्टदा
चिमटीत मिटतात,
हे किलोत दिसत नाही.

मग मी शेटला फोन केला. मजुरी वाढवा,
आईला एक बाई मदतीला ठेवता येईल, म्हटलं.
"बाई, तुम्ही गणित शिकवा," तो म्हणाला.
तेच तर करत होते.
मुख्याध्यापक गेले, मग शेजारच्या दोघी गेल्या,
मी आणखी तीनदा गेले,
चौथ्यांदा आईनं चहा विचारला नाही,
आणि सोमवारी सतरा नंबर
केसांना रिबीन लावून दारात उभा.

अकरा दिवस आली.
फळ्याकडं बघायची, उत्तरंही द्यायची,
बाकाखाली मात्र अंगठा आणि तर्जनी
एकमेकांवर फिरत राहायची,
रिकामी,
नसलेला खडा नसलेल्या वाटीत टाकत.

आज बारावा.
लगीनसराईची ऑर्डर आलीय म्हणतात.
पावणेअकरा वाजले.
हजेरी घेते आहे, मुद्दाम सावकाश,
एक डोळा फाटकाकडं.
पंधरा.
सोळा.
सोळा.
"हजर म्हटलं की, बाई," सोळा नंबर वैतागतो,
"किती येळा सांगू?"